उत्तराविना राहिलेली विनंती

वीजबिल भरणे, रेल्वेचे आरक्षण करणे किंवा सातबारा उतारा पाहणे यांपैकी कोणतेही काम मोबाइलवर केले, तरी पडद्याआड घडणारा व्यवहार एकाच स्वरूपाचा असतो: एक प्रोग्राम दूरच्या संगणकाकडे विनंती पाठवतो आणि प्रतिसादाची वाट पाहतो. विनंती करणाऱ्या प्रोग्रामला क्लायंट, उत्तर देणाऱ्याला सर्व्हर आणि दोघांमधील बोलण्याच्या नियमावलीला एचटीटीपी म्हणतात. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी ही नियमावली सिद्ध केली, तेव्हा १९९१ च्या पहिल्या आवृत्तीत विनंती एका ओळीची असे आणि उत्तर म्हणून थेट दस्तऐवज येई. पुढे प्रतिसादाच्या आरंभी तीन अंकी संकेत देण्याची पद्धत आली, त्यामुळे ४०४ म्हणजे मागितलेली गोष्ट सापडली नाही, ५०० म्हणजे सर्व्हरच्या आत काही बिघडले, इतके तरी क्लायंटला लगेच कळू लागले. हे संकेत मात्र प्रतिसाद आला तरच उपयोगी पडतात. प्रतिसाद आलाच नाही, किंवा अर्धा येऊन जोडणी तुटली, तर क्लायंटच्या हाती एक त्रोटक सूचना उरते, आणि अशा वेळी टाइमआउट, म्हणजे वाट पाहण्याची मुदत, वाढवणे किंवा तीच विनंती पुन्हा पाठवणे हे दोन उपाय सर्रास केले जातात. निदानाआधीच योजलेले असल्याने ते अनेकदा मूळ दोष झाकतात आणि काही वेळा नुकसानही करतात. निरनिराळ्या ठिकाणी घडलेल्या निरनिराळ्या बिघाडांचे ‘प्रतिसाद आला नाही’ हे एकच बाह्य लक्षण असते, म्हणून विनंती नेमकी कुठपर्यंत पोहोचली होती हा प्रश्न उपायाच्या आधी यावा लागतो.

एचटीटीपी स्वतः जोडणी उभारत नाही. ते काम टीसीपी या खालच्या थरातील नियमावलीचे असते. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या कल्पनेतून ती घडली आणि १९८१ मध्ये ‘आरएफसी ७९३’ या दस्तऐवजात तिचे रूप पक्के झाले. इंटरनेटची मानके ज्या क्रमांकित दस्तऐवजमालेतून प्रसिद्ध होतात, तिला आरएफसी असे नाव आहे. टीसीपी माहितीचे तुकडे करते, त्या तुकड्यांना, म्हणजे पॅकेटांना क्रमानुसार पाठवते, समोरून पोचपावती मागते आणि पोचपावती आली नाही तर तुकडा पुन्हा धाडते. ही जोडणी दोन यंत्रांना बांधणारी तार आहे अशी समजूत सहज होते, पण प्रत्यक्षात ती दोन संगणकांनी आपापल्या स्मृतीत ठेवलेली नोंद असते. समोरच्या संगणकाची वीज गेली किंवा वाटेतील यंत्राने मार्ग बंद केला, तर इकडची नोंद तशीच राहते आणि काही पाठवण्याचा प्रयत्न होईपर्यंत जोडणी गेल्याचे कोणालाही कळत नाही. तुटलेल्या जोडण्यांचे बहुतेक कोडे या एका वस्तुस्थितीत आहे.

जोडणी संपण्याचे तीन प्रकार आहेत आणि त्यांतील फरक ओळखता आला, तर निम्मे निदान झाले असे मानायला हरकत नाही. पहिल्या प्रकारात एक बाजू ‘फिन’ नावाची खूण पाठवून आपले बोलणे संपल्याचे रीतसर सांगते. दुसऱ्या प्रकारात ‘रीसेट’ येतो, म्हणजे समोरचा संगणक जिवंत आहे, परंतु त्याच्या लेखी ही जोडणी अस्तित्वात नाही. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ ही सूचना बहुधा याच कुळातील असते: यंत्र सापडले, पण त्या पोर्टवर, म्हणजे यंत्राच्या त्या क्रमांकाच्या दारावर, ऐकणारा प्रोग्राम चालू नव्हता. तिसरा प्रकार निव्वळ शांततेचा आणि तोच सर्वांत महाग पडतो, कारण नकार काही मिलिसेकंदांत कळतो आणि शांततेचा अर्थ लावायला घड्याळाखेरीज दुसरे साधन नसते. लिनक्स प्रणाली नव्या जोडणीसाठी उत्तर न देणाऱ्या यंत्राचे दार सुमारे दोन मिनिटे ठोठावत राहते. उभ्या जोडणीवर पाठवलेल्या माहितीची पोचपावती आली नाही, तर मूळ मांडणीनुसार ती जवळपास पंधरा मिनिटे प्रयत्न करते. आणि पाठवण्यासारखे काही नसेल, तर जोडणी जिवंत आहे का हे पाहणारी टीसीपीची ‘कीपअलाइव्ह’ तपासणी, ती सुरू केलेली असली तरच, दोन तासांनी होते. दोन तासांची ही किमान मुदत १९८९ च्या ‘आरएफसी ११२२’ मधून आली आहे. पायथन भाषेतील लोकप्रिय ‘रिक्वेस्ट्स’ ही लायब्ररी तर मुदत सांगितली नाही तर मुदत लावतच नाही. प्रोग्राम गोठल्याची कित्येक प्रकरणे अशा न लिहिलेल्या मुदतीपाशी येऊन थांबतात.

विनंतीचा प्रवास टप्प्याटप्प्याने पाहण्यासाठी सर्वांत सुलभ साधन म्हणजे स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘कर्ल’ हा प्रोग्राम. अपयश आल्यावर तो जो क्रमांक देतो, त्यातच टप्पा दडलेला असतो: ६ म्हणजे सर्व्हरच्या नावाचा अंकी पत्ता मिळाला नाही, ७ म्हणजे पत्ता मिळाला पण जोडणी झाली नाही, ३५ म्हणजे जोडणी झाली पण टीएलएस हे संदेश कुलूपबंद करण्याचे बोलणे फिसकटले, ५२ म्हणजे सर्व्हरने एक अक्षरही न पाठवता जोडणी बंद केली, १८ म्हणजे प्रतिसाद अर्ध्यावर संपला, आणि २८ म्हणजे ठरवलेली मुदत उलटली. प्रत्येक टप्प्याला लागलेला वेळही तो वेगवेगळा छापू शकतो. समजा नावाचा पत्ता मिळायला ०.०२ सेकंद, जोडणीला ०.०५, टीएलएसला ०.१२ सेकंद लागले आणि त्यानंतर ६०.१ व्या सेकंदाला व्यवहार तुटला, तर जाळे निर्दोष आहे आणि मधल्या कोणत्या तरी यंत्रात ६० सेकंदांची मुदत लिहिलेली आहे, असा तर्क बऱ्याच खात्रीने करता येतो. खराब केबल किंवा कमकुवत सिग्नल घड्याळ पाहून तुटत नाही, त्यामुळे अपयशाची वेळ पुन्हा पुन्हा ३०, ६० किंवा ३५० सेकंदांच्या आसपास येत असेल, तर मांडणीच्या फायली उघडाव्यात.

अनुभवी प्रोग्रामरांनाही चकवणारा दोष जोडणीच्या पुनर्वापरातून येतो. १९९६ मध्ये नोंदवलेल्या एचटीटीपी १.० मध्ये साधारणपणे प्रत्येक विनंतीसाठी नवी जोडणी होत असे. जोडणी उभारण्यात वेळ जातो म्हणून १९९७ च्या एचटीटीपी १.१ ने ती विनंतीनंतरही उघडी ठेवण्याचा प्रघात मूळ नियम म्हणून स्वीकारला. तेव्हापासून क्लायंट लायब्रऱ्या मोकळ्या जोडण्यांचा साठा बाळगतात आणि नवी विनंती आली की त्यातील एक उचलतात. सर्व्हरलाही अशा जोडण्या अनिश्चित काळ सांभाळणे परवडत नाही, म्हणून तो ठरावीक वेळ शांत राहिलेली जोडणी बंद करतो: अपाचे सर्व्हरची मूळ मुदत ५ सेकंद आहे, एनजिन्क्सची ७५ सेकंद. सर्व्हरने पाचव्या सेकंदाला फिन पाठवला आणि तो वाटेत असतानाच क्लायंटने तीच जोडणी उचलून विनंती धाडली, तर दोन संदेश एकमेकांना ओलांडून जातात. सर्व्हरच्या बाजूला त्या विनंतीसाठी दार बंद झालेले असते. क्लायंटला रीसेट मिळतो किंवा रिकामी, बंद झालेली जोडणी दिसते. जावा भाषेतील अपाचे एचटीटीपीक्लायंट या प्रसंगी ‘नोएचटीटीपीरिस्पॉन्सएक्सेप्शन’ हा अपवाद उठवतो, नोड-जेएसमध्ये ‘सॉकेट हँग अप’ असा संदेश येतो. दोन्ही पक्षांनी नियम पाळलेले असतात, तरीही विनंती हरवते.

या दोषाची लक्षणे नेहमीच्या अपेक्षेच्या उलट असतात. गर्दीच्या वेळी जोडण्या सतत वापरात राहतात म्हणून तो क्वचित दिसतो, आणि रात्री, कामाचा ओघ मंदावल्यावर, जोडण्या नेमक्या मुदतीच्या काठावर येऊन ठेपतात म्हणून तो डोके वर काढतो. हाताने चाचणी घेणाऱ्याला तो सहसा सापडत नाही. जोडणी उचलण्याआधी ती जिवंत आहे का हे तपासण्याची सोय लायब्रऱ्यांत असते, मात्र तपासणी आणि विनंती यांच्या मधल्या क्षणीही जोडणी बंद होऊ शकते, त्यामुळे फट अरुंद होते, बुजत नाही. खरा उपाय मुदतींच्या क्रमात आहे: मोकळी जोडणी टाकून देण्याची क्लायंटची मुदत सर्व्हरच्या मुदतीपेक्षा कमी असावी, म्हणजे बंद करण्याचा पुढाकार नेहमी विनंती करणाऱ्याकडेच राहतो. मध्ये लोड बॅलन्सर, म्हणजे आलेल्या विनंत्या अनेक सर्व्हरांत वाटणारे यंत्र, असेल तर हाच नियम त्याच्या आणि मागच्या सर्व्हरच्या दरम्यान लागू पडतो. ६० सेकंद जोडणी जपणाऱ्या लोड बॅलन्सरच्या मागे ५ सेकंदांत ती सोडणारा सर्व्हर ठेवला, तर अधूनमधून येणारे ५०२, म्हणजे मागच्या सर्व्हरकडून धड उत्तर न आल्याचे, संकेत अटळ आहेत, आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, त्या विनंत्यांचा मागमूसही सापडत नाही.

याच्या उलट चित्रही दिसते: सर्व्हरच्या नोंदवहीत काम यशस्वी झाल्याची खूण असते आणि क्लायंट मात्र वाट पाहून थकलेला असतो. घरातील राउटर, कार्यालयाचा फायरवॉल आणि मोबाइल कंपन्यांची जाळी अनेक यंत्रांना एकाच सार्वजनिक पत्त्यावरून बाहेर सोडतात. या पद्धतीला नॅट म्हणतात आणि कोणते पॅकेट आतल्या कोणत्या यंत्राचे, याचा तक्ता मधले यंत्र ठेवते. बराच वेळ वर्दळ नसलेल्या नोंदी हा तक्ता पुसून टाकतो. २००८ च्या ‘आरएफसी ५३८२’ ने स्थापित टीसीपी जोडणीची नोंद किमान २ तास ४ मिनिटे ठेवावी असे सांगितले, आणि दोन तासांची कीपअलाइव्ह तपासणी त्या आत पार पडावी हा त्यामागचा हिशेब होता. प्रत्यक्षात ॲमेझॉनच्या क्लाउडमधील नॅट गेटवे ३५० सेकंदांनी आणि मायक्रोसॉफ्टच्या ॲझुरमधील लोड बॅलन्सर मूळ मांडणीत ४ मिनिटांनी शांत जोडणी विसरतो. वर्षाचा अहवाल तयार करायला दहा मिनिटे लागणाऱ्या विनंतीत त्या दहा मिनिटांत एकही पॅकेट जात-येत नाही, दरम्यान नोंद पुसली जाते आणि अहवाल सर्व्हरवर तयार होऊनही परतीची वाट सापडत नाही. मिनिटभराच्या अंतराने कीपअलाइव्ह पाठवल्यास नोंद टिकते. त्याहून चांगली रचना म्हणजे विनंती स्वीकारल्याचा २०२ हा संकेत ताबडतोब देणे आणि निकाल नंतर वेगळ्या विनंतीने विचारायला सांगणे.

पाठवलेले उत्तर क्लायंटच्या संगणकापर्यंत पोहोचून तिथे पुसले जाते, असेही घडते. ऑनलाइन अर्जाला जोडलेली फाइल ठरवलेल्या मर्यादेपेक्षा मोठी असेल, तर सर्व्हर ती पूर्ण येण्याआधीच ४१३ हा नकाराचा संकेत पाठवून जोडणी बंद करतो. क्लायंट अजून फाइल पाठवतच असतो. बंद जोडणीवर आलेल्या त्या तुकड्यांना उत्तर म्हणून सर्व्हरचा संगणक रीसेट धाडतो, आणि रीसेट मिळताच क्लायंटची प्रणाली आलेले पण अजून न वाचलेले बाइट टाकून देऊ शकते. अर्जदाराला ‘फाइल मोठी आहे’ हे न दिसता ‘जोडणी तुटली’ असे दिसते आणि तो तीच फाइल पुन्हा चढवत राहतो. एचटीटीपी १.१ चे मानक यासाठी सर्व्हरने आधी आपले बोलणे संपवावे, पण काही काळ ऐकत राहावे, असे सुचवते. नागरिकांकडून कागदपत्रे घेणाऱ्या प्रत्येक संकेतस्थळाने ही लहानशी शिस्त पाळायला हवी, कारण तिच्या अभावी स्पष्ट नकाराचे रूपांतर गूढ बिघाडात होते.

छोटी उत्तरे येतात आणि मोठी अडकतात, अशी तक्रार असेल तर पॅकेटच्या आकाराकडे वळावे. इथरनेटवर एका पॅकेटचा नेहमीचा कमाल आकार १५०० बाइट असतो, आणि व्हीपीएनसारख्या बंदिस्त मार्गात त्यातील काही जागा वेष्टनात जाते. वाटेतील राउटरला पॅकेट मोठे वाटले, तर त्याने ते टाकून पाठवणाऱ्याला आयसीएमपी या सूचनासंदेशाने तसे कळवावे, अशी व्यवस्था १९९० पासून आहे. काही फायरवॉल मात्र सुरक्षेच्या कल्पनेने सगळे आयसीएमपी संदेश अडवतात. मग जोडणी होते, छोटा प्रतिसाद येतो, आणि मोठा प्रतिसाद किंवा टीएलएसचे प्रमाणपत्र दरवेळी त्याच जागी अडते.

आतापर्यंतच्या सर्व बिघाडांत एक प्रश्न समान आहे: उत्तर आले नाही, पण काम झाले की नाही? ॲक्कोयुनलू, एकनाधम आणि ह्यूबर यांनी १९७५ मध्ये या प्रश्नाची मर्यादा मांडली आणि जिम ग्रे यांनी १९७८ मध्ये तिला ‘दोन सेनापतींचा प्रश्न’ हे नाव रूढ केले. दोन टेकड्यांवरील सेनापतींनी एकाच वेळी हल्ला करायचा आहे, दूत मात्र वाटेत पकडला जाऊ शकतो. निरोप पोहोचल्याचा निरोप, त्याचाही पोचनिरोप, अशी साखळी कितीही लांबवली, तरी शेवटचा निरोप पाठवणाऱ्याला तो पोहोचला की नाही हे कळत नाही. बेभरवशाच्या मार्गावर ही अनिश्चितता कोणत्याही युक्तीने शून्यावर आणता येत नाही, असे सिद्ध झालेले आहे. त्यामुळे चांगल्या क्लायंटची रचना अनिश्चितता गृहीत धरून केलेली असते.

एचटीटीपीने यासाठी विनंत्यांची जात ठरवून दिली आहे. माहिती मागणारी ‘गेट’, ठरावीक जागी ठरावीक मजकूर ठेवणारी ‘पुट’, काढून टाकणारी ‘डिलीट’ या विनंत्या एकदा केल्या काय आणि चारदा केल्या काय, सर्व्हरवर अभिप्रेत परिणाम तोच राहतो. अशा विनंत्यांना आयडेम्पोटंट म्हणतात आणि उत्तर न आल्यास त्या बिनदिक्कत पुन्हा पाठवता येतात. ‘पोस्ट’ या विनंतीला हे लागू नाही, कारण पैसे पाठवण्याची किंवा मागणी नोंदवण्याची विनंती दुसऱ्यांदा गेली तर दुसऱ्यांदा पैसे जाऊ शकतात. यावर रूढ झालेला उपाय असा, की क्लायंटने प्रत्येक व्यवहाराला आधीच एक अनन्य क्रमांक द्यावा आणि तोच क्रमांक पुन्हा दिसला, तर सर्व्हरने काम न करता पूर्वीचाच निकाल द्यावा. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयमध्ये प्रत्येक व्यवहाराला असा क्रमांक असतो आणि त्याची स्थिती विचारणारी वेगळी विनंतीही असते, म्हणून पडद्यावर ‘पेंडिंग’ दिसत असताना पुन्हा पैसे न पाठवता स्थिती पाहणे योग्य ठरते. तांत्रिक अनिश्चिततेची किंमत ग्राहकाने मोजू नये यासाठी रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने मुदती घालून दिल्या: खात्यातून गेलेली रक्कम समोरच्या व्यक्तीच्या खात्यात जमा झाली नाही, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत, आणि दुकानदाराच्या बाबतीत पाच दिवसांत ती आपोआप परत यावी, त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई मिळावी. जे कोडे संदेश पाठवून सुटत नाही, ते हिशेबाच्या ताळमेळाने आणि कायद्याच्या मुदतीने कसे आवरता येते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

२०१५ च्या एचटीटीपी २ ने अनिश्चिततेचा एक भाग कमी केला. त्यात एका जोडणीवर अनेक विनंत्या क्रमांकांसह एकत्र धावतात, आणि जोडणी बंद करताना सर्व्हर ‘गोअवे’ हा संदेश पाठवून आपण हाताळायला घेतलेल्या शेवटच्या विनंतीचा क्रमांक सांगतो. त्यापुढच्या क्रमांकांना हात लागलेला नाही, याची हमी असल्याने पोस्टसुद्धा निर्धास्तपणे पुन्हा पाठवता येते. वीज अचानक गेली तर गोअवे येत नाही, हे खरे. पण ठरवून केलेल्या बंदपुरती, उदाहरणार्थ सर्व्हरवर नवी आवृत्ती चढवतानाच्या बंदपुरती, शंका उरत नाही.

पुन्हा पाठवण्यात आणखी एक धोका असतो. १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्या दरम्यान, अवघ्या ४०० यार्डांच्या अंतरावर, जाळ्याचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. हरवलेली पॅकेटे सर्व संगणक घाईने पुन्हा पाठवत होते आणि त्या पुनरावृत्तीनेच कोंडी वाढत होती. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ च्या निबंधात सुचवलेल्या सुधारणांनी टीसीपीला संयम शिकवला. एचटीटीपीच्या थरावर हीच चूक आजही होते. एकावर एक असलेल्या तीन सेवा प्रत्येकी तीन प्रयत्न करत असतील, तर वापरकर्त्याच्या एका स्पर्शातून तळाच्या, आधीच दमलेल्या सर्व्हरवर २७ विनंत्या पडू शकतात. म्हणून प्रत्येक प्रयत्नामधील अंतर दुपटीने वाढवावे, त्यात थोडा यादृच्छिक फरक ठेवावा म्हणजे सगळे क्लायंट एकाच क्षणी परतत नाहीत, आणि पुनर्प्रयत्नाची जबाबदारी शक्यतो एकाच थरावर द्यावी.

दोन पक्षांच्या नोंदवह्या परस्परविरोधी असतील, तर पॅकेटांचे चित्रण हाच निर्णायक पुरावा ठरतो. १९८८ मध्ये बर्कली प्रयोगशाळेतच तयार झालेला टीसीपीडम्प आणि जेराल्ड कॉम्ब्स यांनी १९९८ मध्ये इथेरियल या नावाने आणलेला, २००६ पासून वायरशार्क म्हणून ओळखला जाणारा प्रोग्राम ही त्याची साधने आहेत. चित्रण एकाच टोकाला केले, तर पॅकेट पाठवले गेले एवढेच कळते. दोन्ही टोकांना एकाच वेळी केले, तर ते वाटेत हरवले की पोहोचून दुर्लक्षिले गेले, याचा निवाडा होतो. टीएलएसमुळे आतला मजकूर वाचता येत नसला, तरी फिन कोणी आधी पाठवला, रीसेट कोणत्या क्षणी आला आणि पोचपावती कुठे थांबली, हे उघड दिसते, आणि तंटा सोडवायला बहुधा तेवढे पुरते.

२०२२ मध्ये मानक झालेल्या एचटीटीपी ३ ने टीसीपीच बाजूला ठेवून क्विक ही नवी वाहतूक स्वीकारली. तिच्यात जोडणीला स्वतंत्र ओळखक्रमांक असतो, त्यामुळे फोन वायफायवरून मोबाइल डेटावर गेला आणि पत्ता बदलला, तरी जोडणी टिकू शकते. शांत राहण्याची कमाल मुदत दोन्ही बाजू आरंभीच एकमेकींना कळवतात आणि त्यांतील लहान मुदत दोघींना लागू होते. पाच सेकंद विरुद्ध साठ सेकंद हा गोंधळ त्यामुळे बराच निवळतो. वाटेतील नॅट मात्र या बोलीत सहभागी नसतो, आणि क्विक ज्या यूडीपी या खालच्या थरातील नियमावलीवर चालते, तिच्या नोंदी तो टीसीपीच्या नोंदींपेक्षाही लवकर पुसतो, म्हणून बहुतेक मधल्या यंत्रांना विसर पडू द्यायचा नसेल तर दर ३० सेकंदांनी एखादे पॅकेट पाठवावे लागते, अशी नोंद क्विकच्या मानकातच केलेली आहे.